येसूआक्का कुणाची

मीनलने अकरावी लिंक चिकटवली आणि तक्रारीचा फॉर्म खाली सरकवला. शेवटी तीन चौकटी होत्या. पहिलीपुढे लिहिलं होतं, ही कृती माझी आहे. दुसरीपुढे, ती वापरायला मी कुणालाही परवानगी दिलेली नाही. तिसरीपुढे, वर दिलेली माहिती खरी आहे.

पहिल्या चौकटीत तिने लगेच खूण केली. दुसरीवर बोट थांबलं.

तिने आपल्या गोष्टींची साइट उघडली, एकशे अठ्ठ्याऐंशीव्या भागावर गेली आणि खालचे प्रतिसाद चाळत वर्षभर मागे आली. किर्तीने तिथे लिहिलं होतं, "ताई, येसूआक्का आवाजात करू का? आई बोलते तिच्यासारखं." त्याखाली तिचंच उत्तर होतं, "अगं, कर की! विचारतेस काय." पुढे एक हसरा चेहरा.

मीनलने आपलं उत्तर काढून टाकलं. कायमचं काढायचं का, असं साइटने विचारलं. तिने हो म्हटलं. मग परत येऊन उरलेल्या दोन चौकटी भरल्या. नावाच्या रकान्यात टोपणनाव चालणार नव्हतं, आणि हे नाव समोरच्या व्यक्तीला कळवलं जाईल अशी सूचनाही होती. तिने 'मीनल अनीश देवस्थळी' असं लिहिलं. गोष्टींच्या साइटवर हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. तिथे ती अबोली होती.

शनिवारची दुपार होती. आतल्या खोलीत इरा मोबाइलवर काहीतरी ऐकत हसत होती. काय ऐकत असेल ते मीनलला माहीत होतं. तिने फॉर्म पाठवून दिला.

'दहा खोल्या' ही मालिका बंद पडून तेरा वर्षं झाली होती. एका जुन्या लॉजमध्ये राहणाऱ्या दहा बिऱ्हाडांची ती गोष्ट. वाहिनीने ती एका शुक्रवारी अचानक गुंडाळली. शेवटच्या भागात रेणू बॅग घेऊन जिन्यात उभी होती. ती गेली की राहिली, हे कुणालाच कळलं नाही. मीनल तेव्हा नव्यानेच अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात खरेदी विभागात लागली होती. चारेक वर्षं ती रेणू तिच्या मनात तशीच जिन्यात उभी राहिली. मग एकदा, बाजारातून आणलेली भाजी तशीच टेबलावर ठेवून, तिने तिला खाली उतरवलं. तो पहिला भाग. पुढे नऊ वर्षांत दोनशे सहा भाग झाले. कुणी पैसे देत नव्हतं, ती मागतही नव्हती. दीडेकशे वाचक नेमाने यायचे आणि रविवारी सकाळी भाग आला नाही तर विचारायचे. घरात अनीशला याची कल्पना होती, जशी तिच्या भिशीची होती. इराला तिने एकदा एक भाग दाखवला होता. "नंतर वाचते," इरा म्हणाली होती.

येसूआक्का मूळ मालिकेत नव्हती. ती मीनलची. लॉजवर पाणी भरणारी, झाडलोट करणारी म्हातारी, सोयीचं तेवढंच ऐकू येणारी. चाळिसाव्या भागात ती बादली घेऊन आली आणि मग जाईना.

किर्ती बदलापूरजवळच्या चामटोलीची. चार वर्षं ती प्रत्येक भागाखाली लिहायची. बदलापूरला दाताच्या डॉक्टरांकडे नावं नोंदवायला बसते, आई भाताच्या खाचरात पाय मोडून घरी बसली आहे, तिला वाचता येत नाही, संध्याकाळी वाचून दाखवते. "आई म्हणाली, आक्काने सात नंबरवाल्याला असं सोडायला नको होतं." मीनल हे ऑफिसात डबा खाताना वाचायची आणि तिचा तो दिवस बरा जायचा.

मग त्या मायलेकींनी एका व्हिडिओच्या साइटवर आवाजातली येसूआक्का केली. चित्र काहीच नाही, नुसती एक बादली. किर्ती गोष्ट सांगे आणि आक्का आली की तिची आई, विठा, बोले. पहिला भाग मीनलने कौतुकाने ऐकायला घेतला आणि चार मिनिटांत बंद केला. त्यानंतर ऐकलाच नाही. आकडा मात्र रोज बघायची. चारशे. सहा हजार. पावसाळ्यानंतर एकसष्ट हजार.

एकदा बदलापूर स्टेशनवरून शिरगावला घरी येताना रिक्षावाल्याने मोबाइल लावला होता. शेजारच्या दोघी बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या. विठाचा आवाज म्हणत होता, "मला कुटं ऐकाया येतंय, तू बोल बाबा, तू बोल." मीनलने लिहिलं होतं, "मला ऐकू कमी येतं, तुम्ही बोलत राहा." ती अलीकडच्याच नाक्यावर उतरली आणि उरलेलं अंतर पायी आली. घरी इरा पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती.

"आई, हे ऐक ना. काय सॉलिड म्हातारी आहे."

"कुणी लिहिलंय?" मीनलने विचारलं.

"कोण ती किर्ती आहे ना, तिनेच असेल."

किर्ती दर भागाच्या खाली, बारीक अक्षरांत, 'मूळ कथा: अबोली' असं लिहीत होती. ते उघडून वाचायला एक बाण दाबावा लागायचा. कुणी दाबत नसावं. कारण ऑक्टोबरात अबोलीच्या पानावर एक नवा वाचक आला आणि त्याने लिहिलं, "मॅडम, ही आक्का किर्तीताईंची आहे. कॉपी करता तर निदान नाव तरी द्या."

मीनलने ते ऑफिसात वाचलं. समोर पुरवठादाराचा माणूस चलन घेऊन उभा होता. तिने त्याच्या तीनही प्रतींवर सह्या केल्या आणि तो गेल्यावर लक्षात आलं, की तारीख टाकायची राहिली.

त्याच आठवड्यात ती उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेली. कारखान्याची लेबलं आणि ट्रेडमार्क बघणारे चंदर लालवानी वकील तिच्या ओळखीचे होते. खाली कापडाची दुकानं, वर त्यांचं ऑफिस. तिने मैत्रिणीचं म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, पहले ये बताओ, घर कुणाचं आहे?"

"म्हणजे?"

"दहा खोल्या कुणाच्या? चॅनेलच्या. रेणू कुणाची? चॅनेलची. तुमची ती मैत्रीण नऊ वर्षं त्या घरात विदाउट भाडं राहते. ही दुसरी पण आली राहायला. आता एक भाडोत्री दुसऱ्यावर केस करणार? मालक उठला तर दोघींना बाहेर काढेल."

"पण आक्का तिची स्वतःची आहे. ती मालिकेत नव्हतीच."

"बरोबर. ती बाई तिची. पण झाडू कुठे मारते? त्यांच्या जिन्यात." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "साइटवर फॉर्म असतो. तो भरला तर ते आधी काढून टाकतात आणि नंतर विचारतात. भरायला दहा मिनिटं. पण खाली कशावर सही करतो ते वाचायचं. परमिशन दिली होती का तिने?"

"नाही," मीनल म्हणाली.

"लिहून पण नाही?"

"नाही."

चहा आला. त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली आणि फीबद्दल काही बोलले नाहीत. "मैत्रिणीला सांगा, सोडून दे. अशा गोष्टीत जो जिंकतो त्याला काय मिळतं, मला वीस वर्षांत नाही समजलं."

तिने हे ऐकलं, जिना उतरली, आणि पुढच्या शनिवारी फॉर्म भरला.

सोमवारी दुपारपर्यंत अकराही भाग गेले. त्या जागी करड्या रंगाच्या चौकटी आल्या आणि आत एकच ओळ: हक्कधारकाच्या तक्रारीवरून काढण्यात आले आहे. हक्कधारक हा शब्द मीनलने दोनदा वाचला. संध्याकाळी तिने पुरणाची पोळी केली. अनीशने विचारलं, आज काय. ती म्हणाली, हरभऱ्याची डाळ भिजली होती जास्त.

इराने दोन दिवस कुरकुर केली. "कुणीतरी जळकी बाई आहे. तिला बघवलं नसेल."

"बाईच कशावरून?"

"नाव आलं असेल ना त्यांना. किर्तीने टाकलंय, 'एका ताईंनी तक्रार केली आहे, कृपया त्यांना कुणी शोधू नका, वाईट बोलू नका.' मी असते तर नाव छापलं असतं."

मीनल कपड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली एक घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

रविवारी तिने दोनशे सातवा भाग टाकला. तो चांगला झाला असं तिला वाटत होतं. आक्का त्यात पाच वेळा बोलत होती. नेहमीचे दीडशे आले, नेहमीचं बोलले. बाहेरचं कुणी आलं नाही. एकसष्ट हजार लोक कुठे गेले हे तिला कळेना; तिथलं दार बंद झालं तर ते इकडे येतील असं तिने कुठेतरी धरून ठेवलं होतं.

आणि किर्तीचा निरोप आला. "ताई, आठ दिवस तुम्हाला त्रास द्यायचा नाही म्हणून गप्प होते. पण आता उत्तर द्यायचं आहे आणि मला तसलं लिहिता येत नाही. तुम्ही बदलापूरच्याच ना? एकदा लिहिलं होतंत. आईला चालता येत नाही, नाहीतर आम्हीच आलो असतो. याल का?"

जायचं नाही असं तिने दोनदा ठरवलं. तिसऱ्यांदा तिला वाटलं, एकदा बघावं तरी, कशी माणसं आहेत. गावठी तांदूळ बघून येते असं घरी सांगून ती रविवारी सकाळी निघाली.

चामटोलीचं घर रस्त्याला लागूनच होतं, पत्र्याची पडवी आणि मागे दोन स्लॅबच्या खोल्या. किर्ती रस्त्यावर येऊन उभी होती. सव्वीसएक वर्षांची, बारीक, रविवारच्या अर्ध्या पाळीवरून आलेली, क्लिनिकचा निळा कोट अजून अंगावर. "ताई," एवढंच म्हणाली आणि वाकून पाया पडली. मीनलला मागे सरायला वेळ मिळाला नाही.

आतल्या खोलीत खाटेवर विठा पाय लांब करून बसली होती. खाटेच्या तिन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टांगल्या होत्या. तांदळाच्या पिंपावर एक घडी केलेली चादर आणि तिच्यात मोबाइल खोचायला केलेला खड्डा.

"इथे करतो आम्ही," किर्ती म्हणाली. "गोधड्या नसल्या तर आवाज घुमतो."

"या," विठा म्हणाली. "आक्काच्या आई ना तुमी? इकरं बसा, पंख्याखाली."

मीनल बसली. आवाज तोच होता. एवढ्या जवळून तो ऐकताना तिला अवघडल्यासारखं झालं. जणू आपल्या घरातलं कुणी दुसऱ्यांच्या घरात मोकळेपणाने वावरत होतं.

"राग नका मानू," विठा म्हणाली, "पन तुमची आक्का लय शानी बोलते. पुस्तकागत. पानी भरनारी बाई अशी नाय बोलत. म्हनून मी तिला जरा घरातली केली."

"आई," किर्ती म्हणाली.

"खरं ते बोलते. बाकी बाई बेस केलीत तुमी. मी पडले तवा चार महिने या खाटेवर होते. ही वाचायची आन मला वाटायचं, ती तिकरं कोपऱ्यात बसून मला बगते. मंग मी तिच्याशी बोलाया लागले."

पुस्तकागत हा शब्द तिला नवा नव्हता. रिक्षातून उतरून ती चालत आली होती तेव्हा सगळ्या रस्त्यात तिच्या मनात तोच होता, फक्त तिने तो स्वतःला म्हणून दाखवला नव्हता.

किर्तीने कागद आणले. साइटची नोटीस तिने क्लिनिकच्या प्रिंटरवर छापून घेतली होती. पिवळ्या खुणेने एक नाव अधोरेखित होतं.

"मीनल अनीश देवस्थळी," किर्तीने वाचलं. "तुमच्या वाचकांत आहे का ताई कुणी या नावाची?"

"नाही. आठवत नाही."

"आमी काय वाकरं केलंय तिचं?" विठाने विचारलं. तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ती म्हणते आक्का तिची आहे," किर्ती म्हणाली. "म्हणजे तुमचीच चोरी झाली ना ताई, माझी नाही. मी आठ दिवस का थांबले, तर डॉक्टर म्हणाले, यात आरडाओरडा झाला तर चॅनेलला कळेल. मग आमचं जाईल ते जाईल, तुमचे दोनशे भाग पण जातील. नऊ वर्षांचे. ते नको होतं मला."

पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. मीनलने पर्समधून पेन काढलं.

"लिही," ती म्हणाली. "मी सांगते."

असली पत्रं तिला सवयीची होती. कारखान्यात खराब मालाबद्दल पुरवठादारांना ती रोज लिहायची. तिने मुद्दे सांगितले, किर्तीने सुवाच्य अक्षरात उतरवले. आवाज आमचा आहे. भाग आम्ही फुकट ऐकवतो. मूळ लेखिकेचं नाव दर वेळी दिलेलं आहे. तक्रारदार बाईंनी आपला हक्क कसा ते दाखवावं. स्वतःविरुद्धचं पत्र तिने नेटकं केलं. एका ठिकाणी शब्द सौम्य होता तो बदलून कडक केला.

"एक राहिलं," किर्ती म्हणाली. "तुम्ही मला परवानगी दिली होती ना, त्या भागाखाली. मी शोधली, आता दिसत नाही. माझा प्रश्न आहे, उत्तर नाही. साइटच्या काहीतरी गोंधळात गेलं असेल."

"असेल."

"मग तुम्ही इथे दोन ओळी लिहून द्याल? की दिली होती म्हणून. तुमच्या हाताने."

मीनलने कागद मांडीवर घेतला आणि किर्तीचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. येसूआक्का हे पात्र मी निर्माण केले असून ते आवाजात सादर करण्यास मी किर्ती किसन भोपी यांना परवानगी दिली होती. खाली तिने अबोली असं लिहिलं.

"खरं नाव लागेल ताई. टोपणनाव ते धरत नाहीत."

"हां," मीनल म्हणाली.

"आमी पन इचारलंच नाय," विठा म्हणाली. "अबोली ते लिवायचं. घरचं नाव काय?"

मीनलच्या वर्गात, बदलापूरच्या शाळेत, एक मुलगी होती. दर चाचणीनंतर बाई तिची वही उचलायच्या आणि तिचा निबंध मोठ्याने वाचून दाखवायच्या. मीनल दुसऱ्या बाकावर बसून ऐकायची. ते नाव पंचवीस वर्षांत तिने उच्चारलं नव्हतं. आता ते आपोआप तोंडात आलं.

"सुरुची," ती म्हणाली. "सुरुची आपटे."

"सुरुची," विठाने म्हणून बघितलं. "बरं नाव हाय."

मीनलने तशी सही केली. किर्ती तिच्या हाताकडे बघत होती. नंतर तिने कागदाची घडी घातली, ती पिंपावरच्या चादरीखाली ठेवली आणि चहा टाकायला उठली. जाताना विठाने किर्तीला दोन शेर तांदूळ पिशवीत घालायला लावला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

घरी आल्यावर मीनलने पिशवी ओट्यावर ठेवली आणि चप्पल न काढताच लॅपटॉप उघडला. तक्रार पाठवल्यावर साइटने पाठवलेल्या पत्रात शेवटी एक दुवा होता: तक्रार मागे घ्यायची असल्यास. तिथे चौकट एकच होती आणि कारण विचारलेलं नव्हतं. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग ती हात धुऊन पोळ्या लाटायला लागली. आपण एक चांगली गोष्ट केली असं तिला वाटलं, आणि पत्र पोचल्यावर घाबरून बाईने माघार घेतली असंच त्या दोघी समजतील, हेही वाटलं.

सोमवारी दुपारी, डबा उघडताना, किर्तीचा निरोप आला.

"ताई, त्या बाईंनी तक्रार मागे घेतली. काल दुपारीच. सगळे भाग परत आले. पत्र मी अजून पाठवलं नव्हतं, आज क्लिनिकमधून पाठवणार होते. चादरीखालीच आहे. तुम्हाला कळवायला हवं म्हणून कळवते. आई विचारते, परत कधी येणार."

मीनलने तो वाचला. समोर बसलेल्या अकाउंट्सच्या बाईंनी लोणचं पुढे केलं, तिने घेतलं. बऱ्याच वेळाने तिने "छान झालं" एवढे दोन शब्द लिहिले. त्यावर उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी दोनशे आठव्या भागाखाली किर्तीने काही लिहिलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही.

बारावा भाग तीन आठवड्यांनी आला. या वेळी मीनलने तो ऐकला, सकाळी मेथी निवडताना, कानात घालून, सुरुवातीपासून. रेणू आजारी होती आणि येसूआक्का तिच्या उशाशी बसून गावाकडच्या एका म्हशीची गोष्ट सांगत होती. म्हशीची गोष्ट मीनलने लिहिलेली नव्हती. ती ऐकताना मीनलचा हात थांबला. कुठे एखादा शब्द जास्त झालाय का, कुठे सूर चुकलाय का, हे ती शोधत होती. शेवटपर्यंत सापडलं नाही.

शेवटी गोष्टीचा आवाज बदलून किर्ती साधं बोलायला लागली.

"एक सांगायचं राहून जात होतं. खाली बारीक लिहिलेलं कुणी वाचत नाही, म्हणून आता तोंडाने सांगते. येसूआक्का आमची नाही. तिला ज्यांनी जन्माला घातलं, त्या आमच्या घरी आल्या होत्या, इथे पंख्याखाली बसल्या होत्या. त्यांनी आईला आपलं नाव सुरुची आपटे असं सांगितलं. म्हणून आम्ही तेच नाव घेतो. आजपासून दर भागात घेऊ."

मागून विठाचा आवाज आला, "बरं नाव हाय," आणि भाग संपला.

मीनलने कानातलं काढून टेबलावर ठेवलं. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, बरीचशी झाली होती. उरलेली तिने निवडून टाकली.

जेवणं झाल्यावर इरा मोबाइल घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली.

"आई, बघ ना, चारशे कमेंट्स. सगळे त्या सुरुची आपट्यांना शोधतायत. कुणीतरी म्हणतंय त्यांचा सत्कार करू या. कुणी म्हणतंय त्या पुण्याच्या आहेत." तिने फोन आईच्या हातात दिला. "वाच."

मीनलने वाचलं. एकामागून एक, सावकाश, अंगठ्याने वर सरकवत. सुरुचीताई, माझी आजी अशीच होती. सुरुचीताई, हॉस्पिटलात ऐकली, बरं वाटलं. सुरुचीताई, तुम्ही कुठे लपला होतात. तिने एकही गाळली नाही.

"कसली भारी असेल ना ती बाई," इरा म्हणाली. "एवढं सुंदर काहीतरी केलं आणि कुठे मिरवलं नाही. नाहीतर लोक."

"एवढी काही चांगली नाही ती," मीनल म्हणाली.

इराने मान वळवून पाहिलं. "तू ओळखतेस तिला?"

मीनलने फोन परत दिला.

"शाळेत होती," ती म्हणाली, "माझ्याच वर्गात."